हिंगोलीचे वैद्यकीय महाविद्यालय कोणासाठी?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाले. त्या दहांत हिंगोलीचे नाव होते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या, २०११ च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाख लोकवस्तीच्या आणि शेकडा ८५ लोक खेड्यांत राहणाऱ्या या जिल्ह्याला एमबीबीएसच्या शंभर जागांचे महाविद्यालय मिळाले. विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर हे सारे घडल्यामुळे श्रेयाच्या फलकांना तोटा नव्हता. फलक आता उतरले आहेत. मागे उरलेला प्रश्न मात्र फलकांवर कधीच नव्हता. हिंगोलीतील या शंभर जागांपर्यंत हिंगोलीच्या कोणत्या घरातले मूल पोहोचू शकते, हा तो प्रश्न होय.

मराठवाड्याच्या दृष्टीने महाविद्यालय मिळणे ही लहान गोष्ट नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. निजामाच्या राजवटीत वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र हैदराबाद होते आणि उस्मानिया विद्यापीठात वैद्यकापर्यंतचे शिक्षण उर्दूतून दिले जाई. मराठी शेतकऱ्याच्या मुलाला ते दार जवळजवळ बंदच होते. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर आठ वर्षांनी, १९५६ मध्ये, औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) विभागातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढचे अंबाजोगाईचे १९७४ मध्ये, नांदेडचे १९८८ मध्ये आणि लातूरचे २००२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर वीस वर्षे शासकीय क्षेत्रात काहीच हालचाल झाली नाही. मग धाराशिव २०२२, परभणी २०२३ आणि हिंगोली व जालना २०२४ अशी घाईने भर पडली. पाऊणशे वर्षांच्या विलंबानंतर आलेल्या या संस्थेचे स्वागत करावयाचेच आहे. पण जिल्ह्यात इमारत उभी राहणे आणि जिल्ह्याला शिक्षण मिळणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

हिशेब साधा आहे. शंभर जागांपैकी १५ जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून ही व्यवस्था जन्मली आणि १९८६ पासून ते प्रमाण शेकडा १५ वर स्थिरावले. उरलेल्या ८५ जागा राज्याच्या एकत्रित गुणवत्ता यादीतून, सामाजिक आरक्षणाच्या प्रवर्गांनुसार भरल्या जातात. मुंबई, पुणे, नागपूर, लातूर येथील विद्यार्थी आणि सेनगाव तालुक्यातील तांड्यावरचा विद्यार्थी या यादीत एकाच रांगेत उभे असतात. हिंगोलीच्या रहिवाशासाठी त्या ८५ पैकी एकही जागा राखून ठेवलेली नाही. कायद्याच्या दृष्टीने हिंगोलीचे महाविद्यालय हिंगोलीत आहे, इतकाच त्याचा हिंगोलीशी संबंध.

पूर्वी अशी स्थिती नव्हती. राज्यात अनेक वर्षे ७०:३० चे सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तीन विभागांतील महाविद्यालयांच्या सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांसाठी आणि तीस टक्के साऱ्या राज्यासाठी असत. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने हे सूत्र रद्द केले. विशेष म्हणजे ते रद्द करण्याची मागणी मराठवाड्यातूनच सर्वांत मोठ्याने होत होती. कारण उघड होते. मराठवाड्यात महाविद्यालये थोडी आणि गुण मिळवणारे विद्यार्थी पुष्कळ. त्यामुळे इथल्या मुलाला जितक्या गुणांवर प्रवेश नाकारला जाई, तितक्याच गुणांवर उर्वरित महाराष्ट्रातील मुलाला तो मिळे. हे गाऱ्हाणे खरे होते आणि त्याची दखल घेतली गेली, यात चूक काही झाली नाही.

परंतु 'मराठवाड्याचा विद्यार्थी' म्हणून ज्याची बाजू मांडली गेली, तो नेमका कोण, हे विचारले गेले नाही. सरासरी ही अर्थशास्त्रातील उपयुक्त आणि तितकीच फसवी वस्तू आहे. विभागाची सरासरी काढली, की त्यात लातूर आणि नांदेड शहरांतील शिकवणी वर्गांचा निकाल मिसळतो आणि कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव येथील शून्य त्यात दिसेनासे होते. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोलाची चौकशी करण्यासाठी १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिने अनुशेष मोजताना जिल्हा हा घटक धरला, तो याच कारणासाठी. विभागाच्या पोटातही विषमता असते. ७०:३० चे सूत्र ही विषमता पाहत नव्हते आणि ते रद्द करणारा निर्णयही ती पाहत नाही. त्याच २०२० सालच्या ३० एप्रिलला मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत संपली होती. विभागीय न्यायाचे एक साधन आणि एक सूत्र एकाच वर्षी गेले. त्यांच्या जागी काय यावे, याची चर्चा कोणी केली नाही.

ही चर्चा करण्याचे बंधन मात्र जुने आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने संयुक्त महाराष्ट्रात येणाऱ्या विभागांना जी आश्वासने दिली, त्यांत व्यावसायिक व शास्त्रीय शिक्षण देणाऱ्या संस्थांतील प्रवेश लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचे आश्वासन होते. पुढे संविधानाच्या ३७१ (२) या अनुच्छेदात तांत्रिक व व्यवसाय शिक्षणाच्या सोयींची न्याय्य व्यवस्था करण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपवण्याची तरतूद झाली. मराठवाडा महाराष्ट्रात आला, तो या विश्वासावर.

आता त्या रांगेकडे पाहू. २०१३ मध्ये 'नीट' ही देशव्यापी परीक्षा प्रथम झाली. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, एप्रिल २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला आणि २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने ती कायमची झाली. परीक्षेला बसण्याच्या अटी कागदावर सौम्य आहेत. वयाची १७ वर्षे प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण झालेली असावीत. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावेत. तीन शास्त्र विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, मागास प्रवर्गांना ४० टक्के गुण असावेत. औंढ्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातली मुलगी या अटी पूर्ण करते. अडथळा त्यापुढचा आहे. १८० प्रश्न, ७२० गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. दर प्रश्नाला जेमतेम एक मिनिट. ही परीक्षा विषय समजला आहे की नाही हे तपासते, त्याहून अधिक ती सराव किती झाला आहे हे तपासते. आणि सराव ही आज विकत मिळणारी वस्तू आहे.

लातूरच्या शिक्षकांनी एके काळी परिश्रमाने जी अध्यापनपद्धती उभारली, तिचे ऋण मराठवाड्याने मानले पाहिजे. मागास विभागातील मुले राज्याच्या गुणवत्ता यादीत झळकू शकतात, हे त्या पद्धतीने सिद्ध केले. पण तिच्या यशाभोवती जी बाजारपेठ वाढली, तिचा दर शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी जुळणारा नाही. शिकवणीचे शुल्क, वसतिगृह, खाणावळ, पुस्तके आणि सराव परीक्षा मिळून वर्षाचा खर्च अवघा एक लाख रुपये धरला, तरी पुढचा हिशेब पाहावा. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि प्रत्यक्ष बाजारात शेतकऱ्याला त्याहून कमी मिळाले. हमीभाव मिळाला असे मानले, तरी लाख रुपये उभे करायला साडेवीस क्विंटल सोयाबीन लागते. कोरडवाहू जमिनीत एकरी पाच क्विंटल उतारा धरला, तर चार एकरांचे संपूर्ण पीक झाले. बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांचा एक रुपयाही त्यातून वजा केलेला नाही आणि घरात चूल पेटायची ती वेगळीच. शिवाय ही तयारी एका वर्षात संपत नाही. अकरावी, बारावी आणि पुष्कळदा 'रिपीटर' म्हणून आणखी एक वर्ष. ज्याच्या घरी ओलिताखाली हळद आहे, तो कदाचित हे पेलेल. दोन एकरांचा धनी आणि हंगामात कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारा मजूर हे पेलू शकत नाही. त्याचे मूल एकदाच बसते, पडते आणि आपल्यात डोके नाही असे समजून गप्प होते. व्यवस्थेचा दोष मुलाच्या बुद्धीवर ढकलण्याची ही सर्वांत स्वस्त रीत आहे.

भाषेचा अडसर यातच मिसळलेला आहे. 'नीट'ची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठीतही मिळते, हे खरे. परंतु दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाला अकरावीचे विज्ञान व्यवहारात इंग्रजीतूनच शिकावे लागते. दोन वर्षांत त्याला विषयही शिकायचा असतो आणि भाषाही. तमिळनाडूत या प्रश्नाचा अभ्यास न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये केला. तेथे २०१६-१७ मध्ये वैद्यकीय प्रवेश मिळवणाऱ्यांत तमिळ माध्यमाचे विद्यार्थी सुमारे १४ टक्के होते. 'नीट' लागू झाल्यावर ते प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आसपास घसरल्याचे समितीला आढळले. महाराष्ट्र शासनानेही असा अभ्यास करून जिल्हावार आणि माध्यमवार आकडे लोकांपुढे ठेवावेत, ही मागणी करण्यास कोणाची हरकत असू नये.

परीक्षेत गुण मिळाले, म्हणून प्रवेश झाला असे मात्र नाही. मग दाखल्यांची परीक्षा सुरू होते. राष्ट्रीयत्व व अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, इतर मागास व भटक्या प्रवर्गांसाठी उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र, आणि या सर्वांवर कडी करणारे जात वैधता प्रमाणपत्र. राज्याच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्याने पुरावा देण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा शासन मागते. हा पुरावा बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेतील प्रवेश निर्गम उताऱ्याच्या रूपाने द्यावा लागतो.

या अटीतील विसंगती नीट पाहण्यासारखी आहे. कळमनुरी तालुक्यातील आंध आदिवासी किंवा सेनगावच्या तांड्यावरील बंजारा यांच्या आजोबांना १९५० च्या आधी निजामाच्या राज्यात शाळा कोठे होती? जो इतका मागास होता की शाळेची पायरी चढलाच नाही, त्याच्या नातवाला आपले मागासलेपण सिद्ध करता येत नाही. आणि ज्याच्या आजोबांनी दोन इयत्ता तरी केल्या, त्याच्या नातवाला ते सिद्ध करता येते. वडिलांकडील नात्यात कोणाला आधी वैधता मिळाली असेल, तर काम सोपे होते. म्हणजे ज्या कुटुंबातून पूर्वी कोणी शिकले आहे, त्याचीच वाट सरळ. घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्याला उर्दू-मोडीतील महसुली कागद, तलाठी, सेतू केंद्र, उपविभागीय अधिकारी आणि पडताळणी समिती अशी वारी करावी लागते. निकाल आणि प्रवेशफेरी यांच्यामध्ये मोजके आठवडे असतात आणि वैधतेला महिने लागू शकतात. खोटी प्रमाणपत्रे रोखलीच पाहिजेत, कारण त्यांनी खऱ्या आदिवासींच्या जागा पळवल्या आहेत. पण जी नोंद ठेवणे हे राज्यसंस्थेचे काम होते आणि जी तिने ठेवली नाही, तिच्या अभावाची शिक्षा अठरा वर्षांच्या मुलीने का भोगावी?

एवढी कठोर तपासणी गरिबाच्या दारात होत असताना दुसरे दार कसे आहे, तेही पाहावे. 'नीट'ची पात्रता ही ठरीव गुणांची नसून पर्सेंटाइलची आहे. खुल्या प्रवर्गासाठी ५० पर्सेंटाइल म्हणजे २०२४ मध्ये ७२० पैकी १६२ गुण आणि २०२५ मध्ये १४४ गुण होते. २०२४ मध्ये सुमारे २३ लाख ३३ हजार विद्यार्थी परीक्षेस बसले, १३ लाखांहून अधिक पात्र ठरले आणि देशातील एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याशा पुढे होत्या. पात्र ठरलेल्यांतून या जागांसाठी जी निवड होते, तिथे पैसा बोलतो. खाजगी महाविद्यालयांतील शेकडा १५ संस्थात्मक जागा आणि अभिमत विद्यापीठांतील जागा यांचे शुल्क इतके आहे की काही ठिकाणी ते वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. परिणाम असा, की शासकीय जागेच्या रांगेत पाचशेच्या वर गुण मिळवूनही गरिबाचे मूल बाहेर राहू शकते आणि त्याच्या निम्म्याहून कमी गुण मिळालेला श्रीमंताचा मुलगा डॉक्टर होऊ शकतो. दोघेही 'नीट' उत्तीर्ण! शुल्काच्या थैलीवर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८७ मध्ये केला. त्या थैलीचे आज अधिकृत शुल्कात रूपांतर झाले आहे, इतकाच फरक.

आणि ज्या परीक्षेच्या पावित्र्याखातर राज्यांचे अधिकार गेले, तिचे पावित्र्य ५ मे २०२४ रोजी कसे राहिले, हे देशाने पाहिले. ६७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण, १,५६३ जणांना दिलेले आणि मग मागे घेतलेले वाढीव गुण, हजारीबाग आणि पाटणा येथे फुटलेली प्रश्नपत्रिका. निकाल सुधारल्यावर ७२० गुणांचे मानकरी १७ उरले. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०२४ रोजी फेरपरीक्षा नाकारली, कारण सर्वत्र गैरप्रकार झाल्याचा पुरावा नव्हता. परंतु एका दिवसाच्या एका परीक्षेवर साऱ्या देशाचे भवितव्य टांगले, की ती फोडण्याची किंमतही तितकीच वाढते, हे बाजाराचे साधे सूत्र न्यायालयाच्या निकालाने बदलत नाही.

यावर एक आक्षेप नेहमीचा आहे. रोग्याचा जीव डॉक्टरच्या हातात असतो. तेथे प्रदेश, भाषा आणि गरिबी यांचा विचार केला तर गुणवत्ता घसरेल, असे म्हटले जाते. हा आक्षेप मनापासून घेणाऱ्यांनी १४४ गुणांच्या दाराविषयी प्रथम बोलावे. दुसरे असे, की डॉक्टरची गुणवत्ता प्रवेशाच्या दिवशी ठरत नाही. ती साडेचार वर्षांच्या अभ्यासाने, विद्यापीठाच्या परीक्षांनी आणि वर्षभराच्या आंतरवासितेने ठरते. त्या परीक्षा सर्वांना सारख्याच असतात. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गुणवत्ता कशासाठी, हा प्रश्न सोडून गुणवत्तेचे माप ठरवता येत नाही. हिंगोलीच्या शंभर जागा जनतेच्या पैशातून निर्माण झाल्या, त्या जिल्ह्यात वैद्यकीय सेवा नाही म्हणून. गंभीर रोग्याला घेऊन नातेवाईक आजवर नांदेडची वाट धरत आले. तेव्हा खेड्यात काम करण्याची शक्यता ज्याच्यात अधिक, तो या जागेसाठी अधिक पात्र, असे म्हणणे तर्काला सोडून नाही.

हे जगाने अनुभवले आहे. ग्रामीण भागात आरोग्य कर्मचारी टिकवण्याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेशात झुकते माप देण्याची शिफारस आहे. कारण असे विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात राहण्याची शक्यता अधिक असते. जपानने १९७२ मध्ये जिची वैद्यकीय विद्यापीठ काढले. तेथे प्रत्येक प्रांतातून विद्यार्थी निवडले जातात आणि आपल्या प्रांतात नऊ वर्षे सेवा केल्यास त्यांचे शुल्क माफ होते. महाराष्ट्रातच डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभारली. तिच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत गांधीविचारांचा पेपर असे. खेड्याच्या सेवेसाठी डॉक्टर घडवायचा तर त्याची निवडही त्या हेतूने झाली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. देशव्यापी एकच परीक्षा आली आणि तो पेपर गेला.

मग करावे काय? ७०:३० जसेच्या तसे परत आणणे हा उपाय नव्हे. त्याने हिंगोलीचे मूल पुन्हा लातूरच्या शिकवणी वर्गाशीच स्पर्धेत उतरेल. तमिळनाडूने २०२० मध्ये सहावी ते बारावी शासकीय शाळेत शिकलेल्या आणि 'नीट' उत्तीर्ण झालेल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या आणि त्यांचे शुल्कही शासनाने उचलले. मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तो कायदा वैध ठरवला. महाराष्ट्रातही डोंगरी भागासाठी व सीमाभागातील मराठी मुलांसाठी प्रवेशात राखीव जागा ठेवण्याची पद्धत जुनी आहे. तेव्हा तत्त्वाचा अडथळा नाही. जिल्हा परिषद, नगरपालिका, आश्रमशाळा व अनुदानित मराठी शाळांतून शिकलेल्या मुलांसाठी, सर्व सामाजिक प्रवर्गांच्या आतच, अशी समांतर तरतूद महाराष्ट्राने करावी. हिंगोलीच्या ८५ जागांत तमिळनाडूच्या प्रमाणाने सहा जागा येतील. सहा जागा थोड्या वाटतील. पण दर वर्षी सहा म्हणजे दहा वर्षांत साठ डॉक्टर, आणि प्रत्येकामागे त्याच्या गावातल्या शाळेला मिळालेली उमेद.

दुसरी मागणी शिक्षणाची. २०२४ च्या जुलैत शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील, आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय चांगला आहे. पण तो दाराच्या आत गेलेल्या मुलींसाठी आहे. दारापर्यंतच्या वाटेचे शुल्क कोण माफ करणार? महाज्योतीसारख्या संस्था टॅब देऊन शिकवणी पुरवतात, तिचा उपयोग आहेच. तथापि शंका विचारायला समोर शिक्षक लागतो. जिल्ह्यातील प्रत्येक तालुक्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात पूर्णवेळ शिक्षक, प्रयोगशाळा आणि मोफत वसतिगृह यांसह दोन वर्षांची तयारी शासनाने चालवावी. सरकारी महाविद्यालयाच्या इमारतीवर जो खर्च होतो, त्याच्या मानाने ही रक्कम नगण्य ठरेल.

तिसरी मागणी दाखल्यांची. जात वैधतेचे काम बारावीनंतर नव्हे, आठवीतच शाळेमार्फत सुरू व्हावे. जुन्या महसुली व शालेय नोंदी शोधण्याची जबाबदारी प्रशासनाने घ्यावी, आणि लेखी पुरावा नाही तेथे गृहचौकशीला वजन द्यावे.

या मागण्यांसाठी मोर्चे निघतील तेव्हा निघोत. कार्यकर्त्यांना आजच करण्याजोगे एक काम आहे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांत विज्ञान शाखेच्या मुलामुलींची यादी करावी. कोणाकडे कोणता दाखला नाही, ते टिपावे. ज्याला वाचता येतात अशा जाणत्याला गाठून जुने कागद लावून घ्यावेत. अर्जाचे एक हजार ते सतराशे रुपये ज्याला जड आहेत, त्याच्यासाठी गावातून वर्गणी काढावी. प्रवेशफेरीच्या दिवसांत तहसील कार्यालयासमोर एक टेबल मांडून बसावे. आणि दर वर्षी हिंगोलीच्या शंभर जागांवर जिल्ह्यातील किती, मराठी शाळेतील किती आणि भूमिहीनांच्या घरातील किती विद्यार्थी आले, याचा आकडा माहितीच्या अधिकारात मागवून तो जाहीर सभेत वाचून दाखवावा. चळवळीला घोषणेइतकीच नोंदवहीही लागते.

शासनाने जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय दिले, याबद्दल त्याचे आभार मानणारे पुष्कळ आहेत. ते जिल्ह्याचे करून घेण्याचे काम मात्र शासन आपण होऊन करणार नाही. नरसी, आखाडा बाळापूर किंवा गोरेगावच्या शाळेत आज आठवीत बसलेल्या मुलीला अकरावीत जायला तीन वर्षे आहेत. तिच्या आजोबांचा उतारा शोधायला, तिच्या तालुक्यात शिक्षक आणायला आणि तिच्यासाठी कायदा करून घ्यायला तेवढाच अवधी हाती आहे.